कॅमेरे टिकले, कारागिरांचे काय?

गेल्या काही वर्षांत फिल्मवर चालणाऱ्या जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात ते मांडलेले दिसतात, पणजीतल्या जुन्या घरांची कॅफे झाली तिथे ते शोभेसाठी फळीवर ठेवलेले असतात, आणि आजोबांच्या कपाटातून निघालेला याशिका गळ्यात अडकवून फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून फिरणारी विशीतली मुलेही भेटतात. या कौतुकाबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येते: तेव्हाच्या वस्तूच टिकाऊ असत. माझ्या मते हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि त्यात जो भाग बोलला जात नाही तोच सार्वजनिक चर्चेचा विषय व्हायला हवा. हे कॅमेरे टिकले ते उघडता येत होते म्हणून, आणि ते उघडून पुन्हा जोडणारी माणसे हाताशी होती म्हणून. यांतली दुसरी अट गोव्यात आता संपत आली आहे, आणि तिच्याकडे ना चाहत्यांचे लक्ष आहे, ना सरकारचे.

यांत्रिक कॅमेऱ्याचे मर्म त्याच्या शटरमध्ये, म्हणजे ठरलेल्या क्षणापुरताच प्रकाश फिल्मपर्यंत पोचू देणाऱ्या यंत्रणेत, असते. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिलेला आणि तीस लाखांहून अधिक खपलेला पेंटॅक्स के१००० घ्या. त्यात फिल्मच्या पुढे रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे असतात. रोल पुढे सरकवण्याची तरफ ओढली की त्याच हालचालीत पडदे सज्ज होतात. बटण दाबले की पहिला पडदा सुटतो आणि ठरलेल्या अंतराने दुसरा त्याच्या मागे धावतो. सेकंदाचा हजारावा भाग मोजायचा असेल तेव्हा दोन पडद्यांमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची फट राहते आणि ती फट फिल्मवरून सरकत जाते. एक सेकंद, अर्धा सेकंद अशा संथ वेगांसाठी दातेरी चाकांची एक छोटी यंत्रणा दुसऱ्या पडद्याला तेवढा वेळ अडवून धरते. या सगळ्यात विजेचा संबंध कुठेही येत नाही. सेल लागतो तो फक्त प्रकाशमापकाला, आणि तो संपला तरी अनुभवी माणूस ऊन-सावली पाहून अंदाजाने फोटो काढू शकतो. निकॉनने १९८२ मध्ये आणलेल्या एफएम२ ने हेच तत्त्व सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत नेले, तेही केवळ स्प्रिंगा, तरफा आणि टायटॅनियमच्या पातळ पात्यांच्या जोरावर. कारखान्यांत घाऊक बनलेल्या यंत्रांपैकी फार थोडी इतकी देखणी असतील.

पण यातला प्रत्येक भाग झिजतो, आणि बहुतेक वेळा तो वापरण्यापेक्षा न वापरल्याने लवकर बिघडतो. दातेरी चाकांना लावलेले वंगण वीस-तीस वर्षांत चिकट होते, मग एका सेकंदाचा वेग दोन सेकंदांवर जातो किंवा पडदा अर्ध्यावरच अडकतो. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम कुजून डांबरासारखा चिकटतो आणि तिथून प्रकाश आत शिरतो. कापडी पडद्याला टाचणीएवढी भोके पडतात. स्प्रिंगांचा ताण कमी झाला की दोन पडद्यांचा वेग जुळत नाही आणि फोटोची एक बाजू दुसरीपेक्षा काळपट येते. यातला एकही दोष कॅमेऱ्याचा शेवट नसतो. फोम बदलता येतो, जुने वंगण धुऊन नवे लावता येते, पडदा नवा बसवता येतो, स्प्रिंगेचा ताण फिरकीने जुळवता येतो. मात्र हे कुणीतरी करावे लागते, आणि दर पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा करावे लागते. बाजारातला विक्रेता कॅमेरा ‘चालू’ आहे हे दाखवायला मधल्या वेगावर खटका दाबून आवाज ऐकवतो. घेणाऱ्याने त्याला एक सेकंदाचा वेग लावायला सांगावे, आतल्या चाकांची घरघर एकसारखी येते का ते ऐकावे, आणि मागचे झाकण उघडून पडद्यावर उजेड धरावा. शेवटचे सर्व्हिसिंग केव्हा झाले हा प्रश्न मात्र विचारून उपयोग नसतो, कारण त्याचे खरे उत्तर क्वचितच कुणाकडे असते.

‘जुने ते टिकाऊ’ म्हणताना आपण आणखी एक गोष्ट विसरतो. आज आपल्या हाती आहेत ते टिकलेले कॅमेरे. जे टिकले नाहीत ते भंगारात गेले आणि म्हणून हिशेबात येत नाहीत. शिवाय जुने असणे आणि यांत्रिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनन एई-१ हा के१००० च्याच वर्षी, १९७६ मध्ये, बाजारात आला, पण त्याचे शटर विजेवर चालते. सेल नसेल तर तो खटकाच देत नाही, आणि आतले सर्किट गेले तर दुसऱ्या मेलेल्या एई-१ मधून काढून बसवण्यापलीकडे फारसा उपाय नसतो. १९९० चा कॉन्टॅक्स टी२ आज पूर्वीच्या कितीतरी पट किमतीला विकला जातो, पण तो बनवणाऱ्या क्योसेराने २००५ मध्ये कॅमेऱ्यांच्या धंद्यातून अंग काढून घेतले, आणि त्याच्या आतल्या सर्किटची लवचिक पट्टी तुटली की लाखाच्या घरातली ती वस्तू कागदांवर ठेवायचे वजन होते. यांत्रिक कॅमेऱ्यांतही विजेचा जेवढा अंश शिरला तेवढाच तो आधी निकामी झाला. ऑलिंपस ओएम-१ चा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला होता. पाऱ्याचे सेल आता बंद झाले आहेत, आणि तेही योग्यच झाले. त्या जागी १.५ व्होल्टचा साधा सेल घातला की मोजमाप चुकते. कॅमेरा ठणठणीत असला, तरी त्याच्या भोवतीचे जग बदलले की त्याचा एक डोळा असा मिटतो.

डिजिटल कॅमेऱ्यांनाही न्याय द्यायला हवा. साध्या डिजिटल एसएलआरचे (भिंगे बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचे) शटर एक लाख खटक्यांसाठी तपासलेले असते, आणि व्यावसायिक कॅमेऱ्यांचे त्याच्या दुप्पट-चौपट. छत्तीस फोटोंच्या रोलने हिशेब केला तर एक लाख म्हणजे दोन हजार सातशेहून अधिक रोल. एवढे रोल हौशी माणूस जन्मात वापरत नाही. तेव्हा आजचा कॅमेरा तकलादू असतो असे म्हणणे अन्यायाचे आहे. तो बाद होतो तो वेगळ्याच कारणांनी: त्याची बॅटरी बनणे थांबते, कार्डाचा प्रकार बदलतो, एक चिप जाते आणि सर्व्हिस सेंटर पूर्ण बोर्ड बदलण्याचा असा खर्च सांगते की नवा कॅमेरा घेणे सोपे वाटावे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिका कंपनीने कोणाला द्यावी, हे कंपनीच ठरवते. म्हणजे जुन्या आणि नव्या यंत्रांतला खरा फरक धातू आणि प्लास्टिक यांच्यात शोधू नये. यंत्र उघडण्याचा अधिकार आणि ज्ञान कुणाकडे आहे, यात तो आहे.

गोव्यात या प्रश्नाला हवेची धार आहे. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता सहसा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. भिंगावर बुरशी धरायला सत्तर टक्केही पुरतात. चामड्याच्या पेटीत बंद करून कपाटात ठेवलेला कॅमेरा पावसाळ्यानंतर काढला की भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. सुरुवातीला भिंग खोलून ते पुसता येतात. पण बुरशीतून सुटणारे आम्ल भिंगावरचा लेप आणि मग काच खाऊ लागले की डाग कायमचा बसतो. जुन्या फोटोग्राफरांच्या घरी कपाटात एक छोटा बल्ब दिवसरात्र जळत असे, तो याचसाठी. आजही हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दर काही आठवड्यांनी कॅमेरा बाहेर काढून खटके देणे, एवढी शिस्त पाळली तर बरेच निभावते. चामड्याची पेटी मात्र टाळावी, कारण दमटपणा धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत खारा वारा आणि बारीक वाळू यांची भर पडते. युरोपातल्या कोरड्या घरात पन्नास वर्षे सुखाने राहिलेला कॅमेरा इथे चार पावसाळ्यांत आंधळा होऊ शकतो, म्हणून टिकाऊपणा ही वस्तूबरोबर कारखान्यातून येणारी गोष्ट आहे असे मानणे निदान कोकणपट्टीत तरी परवडणारे नाही.

असे असूनही गोव्यातल्या घरांत चांगल्या कॅमेऱ्यांची संख्या आश्चर्य वाटावे एवढी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच इथे सूझा अँड पॉलसारखी छायाचित्रकारांची पेढी होती. पोर्तुगीज राजवटीत परदेशी वस्तू इथे सहज मिळत. मुक्तीनंतर तो रस्ता बंद झाला, पण तारवटींनी (जहाजांवर नोकरी करणाऱ्यांनी) आणि आखातात गेलेल्यांनी याशिका, कॅनन, निकॉन आणणे सुरूच ठेवले. भारतात बनलेला स्वस्त आणि साधा अॅग्फा क्लिक थ्री तर मध्यमवर्गीय घरात पहिला कॅमेरा म्हणूनच येत असे. लग्न, मुंज, शिगमो, गावची जत्रा या सगळ्यांच्या आठवणी या यंत्रांनी टिपल्या. त्या काळी म्हापसा, मडगाव, फोंडा अशा शहरांतल्या स्टुडिओंच्या मालकांना कॅमेरा वापरण्याइतकाच तो खोलण्याचा सराव असे, कारण लग्नाच्या हंगामात शटर अडकले तर मुंबईच्या बोरा बाजारात पाठवून परत येण्याची वाट पाहायला सवड नसे. डिजिटल आले, मग मोबाइल आला, आणि हे स्टुडिओ एक तर बंद पडले किंवा पासपोर्ट फोटो आणि फ्रेमिंगवर जगू लागले. त्यांतल्या हातांना काम उरले नाही, आणि ज्यांना काम नाही ते हात कुणाला काही शिकवतही नाहीत.

भजनी मंडळाची पेटी पाहिली की हा मुद्दा स्पष्ट होतो. देवळातली पेटी साठ वर्षे वाजते ती केवळ सागवानाच्या जोरावर नव्हे. भाता फाटला, सूर उतरला की ती कुणाकडे न्यायची हे मंडळाला ठाऊक असते, आणि तो माणूस अजून मिळतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत हा पत्ताच हरवला आहे.

ज्ञान एकदा तुटले की जोडणे किती कठीण असते, याचे उदाहरण खुद्द पेंटॅक्सनेच पुरवले आहे. ही कंपनी आज रिकोहकडे आहे. नवा फिल्म कॅमेरा काढण्याचा विचार तिने २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केला, तेव्हा जुन्या तंत्रज्ञांकडचे कसब त्यांच्या हयातीत नव्या पिढीकडे पोचवणे हा त्यामागचा एक हेतू असल्याचे सांगितले होते. रोल हाताने पुढे सरकवणारी तरफ पुन्हा बनवण्यासाठी निवृत्त अभियंत्यांचा सल्ला आणि जुनी रेखाचित्रे यांचा आधार घ्यावा लागला. २०२४ मध्ये आलेल्या पेंटॅक्स १७ मध्ये ती तरफ आहे, पण शटर विजेवरच चालते. ज्या घराण्याने लाखो के१००० बनवले, त्याच्या वारसांनाही पूर्ण यांत्रिक कॅमेऱ्यापर्यंत पोचता आले नाही, किंवा ते परवडले नाही. कॅननने आपल्या शेवटच्या फिल्म कॅमेऱ्याची विक्री २०१८ मध्ये थांबवली, निकॉनने एफ६ चे उत्पादन २०२० मध्ये. पूर्ण यांत्रिक कॅमेरे आजही बनवणाऱ्या नामवंतांत लायका उरली आहे, आणि तिच्या किमती आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. थोडक्यात, वापरायचे आहेत ते हेच जुने कॅमेरे. नवे येणार नाहीत.

आता या कॅमेऱ्यांच्या आकर्षणाबद्दल. छत्तीसच फोटो मिळतात म्हणून माणूस विचार करून फोटो काढतो, हा मुद्दा इतक्यांदा सांगून झाला आहे की त्यावर वेळ घालवत नाही. मोबाइलवरही विचार करायला कुणी मनाई केलेली नाही. फिल्मचा फोटो अधिक ‘खरा’ असतो हेही मला पटत नाही. निगेटिव्ह शतकभर टिकते असे म्हणणाऱ्यांनी गोव्यातली जुनी पाकिटे उघडून वास घ्यावा: अॅसिटेटच्या फिल्मला उष्णता आणि दमटपणा यांत सिर्क्यासारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आकसते आणि प्रतिमेचा थर सुटतो. आकर्षणाचे माझ्या दृष्टीने पटण्यासारखे कारण एकच आहे, आणि ते म्हणजे हे यंत्र समजते. तरफ ओढताना काय ताणले जाते, भिंगातले प्रकाशाचे छिद्र लहान केले की काय होते, हे डोळ्यांना दिसते आणि बोटांना कळते. ज्यांचे सारे आयुष्य बंद काचेच्या पाट्यांसमोर गेले त्या मुलांना याची भूक लागली असेल तर ती भूक निरोगी आहे. तिचे समाधान कॅमेऱ्याच्या पोटात तारा घालून त्याचा टेबल-दिवा करण्याने होत नाही, हे मात्र सांगायला हवे. चालू होऊ शकणाऱ्या यंत्राचा दिवा करणे हा मला करंटेपणा वाटतो.

फिल्मचा पुरवठा हा या छंदाचा कच्चा दुवा आहे. सार्वजनिक क्षेत्रातल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या उटीच्या कंपनीची स्थापना १९६० मध्ये झाली आणि तिच्या कारखान्यात ‘इंदु’ नावाची फिल्म बनत असे. तो कारखाना बंद पडला, आणि आज आपण सर्वस्वी आयात मालावर अवलंबून आहोत. रंगीत रोलला हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात, धुलाई वेगळी. रोल धुवायला मुंबई-बंगळूरला पाठवण्यापेक्षा कृष्णधवल रोल घरीच धुणे सोपे, म्हणून काही तरुण तसे करतात. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वापरलेल्या फिक्सरमध्ये, म्हणजे धुलाईत प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणात, चांदीचे क्षार असतात, आणि गोव्यातल्या गावांत घराचे सांडपाणी शोषखड्ड्यात जाते, तर त्याच आवारात विहीर असते. ते पाणी मोरीत ओतू नये. बाटलीत साठवून, चांदी वेगळी काढून घेणाऱ्याकडे किंवा घातक कचऱ्याच्या यंत्रणेकडे द्यावे. फिल्मला पर्यावरणस्नेही म्हणणे धाडसाचे आहे. जुना कॅमेरा दुरुस्त करून वापरणे पर्यावरणाच्या भल्याचे असेल, पण त्यातला रोल तसा नाही.

दुरुस्तीचा प्रश्न आता कायद्याच्या भाषेतही आला आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि शेती अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्याच वर्षाच्या अखेरीस एक पोर्टलही सुरू झाले. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात अहवाल दिला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ पासून काही वस्तूंवर छापला जातो, आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीसंबंधी निर्देश संमत केला. या सगळ्यांत कॅमेऱ्याचे नाव नाही. ते असायला हवे, कारण कॅमेरा महाग असतो, लवकर बाद ठरवला जातो आणि त्याच्या दुरुस्तीवर कंपनीचा एकाधिकार जवळजवळ पूर्ण असतो. ज्या मॉडेलचे सुटे भाग देणे कंपनीने थांबवले, त्याची दुरुस्तीची पुस्तिका आणि भागांची रेखाचित्रे तरी तिने खुली करावीत, अशी अट घालणे अवास्तव नाही. जुने यांत्रिक कॅमेरे आज दुरुस्त होतात त्यात त्यांच्या जुन्या सर्व्हिस पुस्तिका हातोहात फिरत राहिल्या याचा वाटा मोठा आहे.

पण कायद्याने भाग मिळाला तरी तो बसवणारा हवा, आणि इथे राज्य सरकारला करण्यासारखे आहे. हौशी लोकांच्या खेळण्यासाठी सरकारने पैसे का खर्चावेत, असा आक्षेप येईल, आणि प्रश्न फक्त कॅमेऱ्यांचा असता तर तो मी मान्य केला असता. भिंग खोलणे, बुरशी काढणे, अक्ष जुळवणे, बारीक स्प्रिंगा बसवणे हे कसब मात्र एकच आहे, ते कॅमेऱ्यावर वापरा किंवा सूक्ष्मदर्शकावर. गोव्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतल्या सूक्ष्मदर्शकांनाही हाच पावसाळा सोसावा लागतो. सर्वेक्षणाची उपकरणे, दुर्बिणी, रुग्णालयांतली भिंगे लागणारी साधने, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणची यंत्रे, यांना या कसबाची गरज रोज पडते. धुरकटलेला सूक्ष्मदर्शक बाहेरगावी पाठवण्याचा खर्च आणि खटपट नको म्हणून तो कपाटात ढकलून नवा मागवायचा, ही आपल्याकडची रीत आहे, आणि तो नवाही दोन-तीन पावसाळ्यांनी त्याच कपाटात जातो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या एखाद्या ठिकाणी, उदाहरणार्थ फर्मागुढीला, प्रकाशीय उपकरणांच्या दुरुस्तीचा सहा महिन्यांचा छोटा वर्ग सुरू करावा. देशाच्या प्रशिक्षण योजनेत डिजिटल फोटोग्राफर आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक असे अभ्यासक्रम आहेतच. त्यांच्या मधली ही जागा रिकामी आहे. विद्यार्थ्यांच्या हाती सुरुवातीला द्यायला जुना यांत्रिक कॅमेरा यापेक्षा चांगली वस्तू नाही, कारण त्यात भिंग, स्प्रिंग, चाक आणि झडप हे सगळे एका तळहातावर मावते, आणि बिघडलेले कॅमेरे लोक फुकट देतील. नंतर त्यांनी शाळांचे सूक्ष्मदर्शक घ्यावेत, आणि त्या कामाचे पैसे शिक्षण खात्याने त्यांना द्यावेत. शिकवणाऱ्यांची अडचण खरी आहे: ज्यांना हे काम येते त्यांच्याकडे पदविका नाही आणि ज्यांच्याकडे पदविका आहे त्यांना हे काम येत नाही. अशा वेळी साठी-सत्तरीतल्या स्टुडिओवाल्यांना आणि मेकॅनिकना प्रमाणपत्राची अट न लावता मानधनावर बोलावावे, त्यांच्या शेजारी पगारी प्रशिक्षक बसवावा आणि त्यांच्या हातांच्या हालचाली जवळून चित्रित करून ठेवाव्यात. असे लोक गोव्यात अजून सापडतील. त्यांची यादी करायला मामलेदार कचेरीचीही गरज नाही. फोटो-स्टुडिओंच्या जुन्या मालकांना विचारले तर महिनाभरात ती तयार होईल, आणि या कामाला पावसाळा संपण्याची वाट पाहावी लागत नाही.